लॅपटॉपचं वायफाय कार्ड गेलं असं वाटतंय? मग आधी या चुका टाळा

वायफाय दर दहा मिनिटांनी तुटायला लागलं की आपण थेट नवीन कार्ड शोधायला बसतो. मीही तेच केलं, कार्ड मागवलं, लॅपटॉप उघडून बसवलं आणि वायफाय होतं तसंच. दोष कार्डात नव्हताच, स्क्रीनच्या बिजागरीपाशी अँटेनाची वायर तुटत आली होती. बऱ्याच लॅपटॉपमध्ये अँटेना स्क्रीनच्या कडेला असतो आणि त्याच्या वायरी बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात, त्यामुळे झाकण उघडमीट करून करून त्या झिजतात. हे तपासायला काही उघडावं लागत नाही. सिग्नलवर नजर ठेवून स्क्रीन हळूहळू मागेपुढे करा, एका ठराविक कोनात सिग्नल धाडकन पडत असेल तर चोर बिजागरीत आहे.

त्याच्याही आधी मोबाइल त्याच वायफायला जोडून लॅपटॉपच्या शेजारी ठेवून बघा. मोबाइलवरही नेट तुटत असेल तर राउटरकडे बघा, लॅपटॉपला कशाला दोष देताय. मग विंडोजमधलं डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपच्या भागांची यादी, उघडा. वायफाय आणि ब्लूटूथ बहुतेकदा एकाच कार्डावर असतात, म्हणून दोन्ही एकदम गायब असतील तर कार्ड सैल झालंय किंवा गेलंय असा संशय घ्यायला जागा आहे. ब्लूटूथ मस्त चालतंय आणि फक्त वायफाय रुसलंय, तर आधी ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आणि सेटिंग तपासा.

'शटडाउन करून बघितलं हो' असं सगळे सांगतात, पण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन पूर्ण होतच नाही, ड्रायव्हरची जुनी अवस्था साठवून ठेवली जाते. त्यापेक्षा रीस्टार्ट करा. तरीही कार्ड दिसत नसेल तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा आणि मग चालू करा. ऐकायला टोटका वाटतो पण आत अडकलेलं कार्ड यानं कित्येकदा जागं होतं.

ड्रायव्हरच्या बाबतीत सगळ्यात हास्यास्पद चूक म्हणजे नवीन ड्रायव्हर हाताशी नसताना जुना उडवणं, कारण मग तो डाउनलोड करायला नेट कुठून आणणार? लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आधी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. उडवून बसलाच असाल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे मोबाइलचं नेट लॅपटॉपला द्या, त्याला वायफायचा ड्रायव्हर लागत नाही. बिघाड अपडेटनंतर लगेच सुरू झाला असेल तर रोल बॅक करा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणा. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अडॅप्टरच्या (म्हणजे कार्डाच्याच) पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करू द्यायची टिक असते, तो टॅब दिसत असेल तर ती काढून बघा, झोपेतून उठल्यावर वायफाय गायब होण्यामागे बऱ्याचदा हीच असते.

एवढं करूनही शंका असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) चालवा, इन्स्टॉल करायची गरज नाही. तिथे वायफाय व्यवस्थित चाललं तर कार्ड ठीक आहे, घोळ विंडोजमध्ये आहे.

आता कार्ड खरंच बदलायचंय असं धरू. खरेदीतली माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नावात थोडासाच फरक असलेलं कार्ड घेणं. इंटेलची एएक्स २१० आणि एएक्स २११ ही कार्डं दिसायला जवळपास सारखी, पण २११ मध्ये वायफायचं निम्मं काम इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये होतं, म्हणून ते ठराविक इंटेल लॅपटॉपमध्येच चालतं, एएमडीमध्ये नाहीच. २१० मात्र पीसीआय एक्सप्रेस या साध्या, सर्रास असणाऱ्या जोडणीवर चालतं. एएक्स २०० आणि २०१ चीही तीच गोष्ट. आकारही बघा, हल्लीचं कार्ड साधारण एम डॉट टू २२३०, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ३० लांब, जुन्यात मिनी पीसीआय एक्सप्रेस, आणि दोघांचे अँटेना कनेक्टरही वेगळ्या मापाचे. काही जुन्या लॅपटॉपचा बायोस (विंडोजच्याही आधी चालू होणारं सॉफ्टवेअर) कंपनीच्या यादीबाहेरचं कार्ड दिसलं की पुढे सरकतच नाही आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये कार्ड बोर्डवर सोल्डर केलेलं असतं. त्यामुळे आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल ऑर्डर देण्याआधी वाचा, नंतर नाही.

उघडल्यावर पहिलं काम बॅटरीची पिन काढणं, दुसरं फोटो. कुठली वायर कुठल्या पॉइंटला होती हे लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही, आणि काळी वायर कुठे, पांढरी कुठे हा नियम सगळ्या कंपन्यांत सारखा नसतो. कनेक्टर काढताना वायर ओढू नका, नख किंवा प्लास्टिकची पट्टी त्याच्या टोपीखाली घालून सरळ वर उचला. स्क्रू काढल्यावर कार्ड तिरकं वर येतं, घाबरू नका, ते तसंच असतं. बसवताना खरी परीक्षा, कारण टोपी मसुराच्या दाण्याहून लहान. ती बरोबर वर ठेवून बोटाने हलकंसं हलवायची, जागेवर आली की ती घसरायची थांबते, मग सरळ दाबायची, टक् असं जाणवतं. तिरकी दाबलीत तर कडा चेपते आणि पुन्हा कधीच घट्ट बसत नाही. नवीन कार्डावर नेटवर्क फक्त राउटरच्या अगदी जवळच दिसत असेल तर तोंड वाकडं करून कार्ड परत करू नका, आधी या टोप्या तपासा.

सोल्डर केलेलं असेल किंवा उघडायची हिंमत नसेल तर यूएसबी डोंगल, म्हणजे बाहेरून यूएसबीत लावायचं वायफाय, आहेच. फक्त तो चालू असलेल्या यूएसबी ३ हार्डडिस्कच्या शेजारच्या पोर्टात खुपसू नका, तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलमध्ये घुसतो. छोट्या एक्स्टेन्शन केबलने डोंगल थोडा लांब ठेवा किंवा ५ गिगाहर्ट्झवर जोडा.