अँपची केबल ओढण्याआधी

सगळ्यात आधी डोक्यातला एक गैरसमज काढून टाका. गाडीत गाण्यांसाठी अँप (अ‍ॅम्प्लिफायर) बसवताना बॅटरीजवळ लागणारा मोठा फ्यूज अँपसाठी नसतो, वायरसाठी असतो. अँपचे फ्यूज त्याच्या अंगावरच असतात. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणारी चार-पाच मीटर केबल वाटेत कुठे पत्र्यावर घासली आणि आतली तार उघडी पडून बॉडीला टेकली, तर बॅटरी तिच्यात शेकडो अँपिअर ओतते. वरचं प्लास्टिक पेटायला मग फारसा वेळ लागत नाही. म्हणून फ्यूज होल्डर बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून तारेच्या लांबीने ४५ सेंटीमीटरच्या आत बसवायचा. जितका जवळ तितका बरा, कारण फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्याला कुणीच वाली नसतो. होल्डरची जागा बॉनेट उघडून आजच ठरवा.

मग कागद-पेन्सिल घ्या. खोक्यावर छापलेले हजारो वॅट विसरा आणि आरएमएस आकडा, म्हणजे अँप सतत देऊ शकतो ती खरी ताकद, शोधा. क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) अँप ६०० वॅट आरएमएसचा असेल आणि त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर तो ७५० वॅट खेचतो, १३.८ व्होल्टने भागलं की साधारण ५४ अँपिअर. क्लास एबी (जास्त वीज उष्णतेत घालवणारा) असेल तर हिशेब बराच वर जातो. एवढ्या अंतरावर ५४ अँपिअरला मी ८ गेज वायर वापरत नाही (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड), अर्धा व्होल्ट वाटेतच गळतो. ४ गेज तांब्याची घ्यावी आणि तिला ८० अँपिअरचा फ्यूज लावावा. नियम सोपा आहे: फ्यूज लोडपेक्षा मोठा, पण वायरला झेपेल त्याच्या आत. फ्यूज उडतोय म्हणून मोठा टाकणारे महाभाग भेटतात, त्यांचं ऐकू नका.

वायर विकत घेताना एक तार नखाने किंवा ब्लेडने खरवडून पाहा. आत चंदेरी दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. तीच हवी असेल तर गेज जाड घ्या आणि फ्यूज तिच्या क्षमतेप्रमाणे उतरवा. फ्यूज एएनएल किंवा मिनी एएनएल पद्धतीचा, नटबोल्टने आवळता येणारा असावा. काचेच्या नळीचे एजीयू मला पटत नाहीत, टोकं सैल होऊन तापतात. सोबत एक जादा फ्यूजही घेऊन ठेवा.

बाकी सामान: लग (वायरच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कड्या), ते दाबून बसवायचा क्रिंपिंगचा पाना, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकासाठी रबरी ग्रोमेट, मल्टीमीटर. दोन अँप असतील आणि वाटेत जाड वायर बारीक वायरींत फुटणार असेल, तर फ्यूज असलेला डिस्ट्रिब्यूशन ब्लॉकच घ्या, कारण बॅटरीजवळच्या ८० अँपिअरच्या फ्यूजला बारीक वायरचं दुखणं कळत नाही. मागे दुसरी बॅटरी असेल तर त्या टोकालाही फ्यूज हवा, करंट दोन्हीकडून येतो. अर्थच्या (अँपपासून गाडीच्या बॉडीला जाणाऱ्या) वायरला फ्यूज लावायचा नाही. ती तेवढ्याच जाडीची, आखूड आणि रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट आवळलेली असली की झालं.

काम सुरू करताना मायनस टर्मिनल आधी सोडवायचं. फ्यूज होल्डर रिकामाच ठेवायचा आणि सगळ्या जोडण्या तपासून, मायनस परत जोडून झाल्यावर फ्यूज शेवटी बसवायचा. बसवताना बारीक ठिणगी उडेल, घाबरू नका, अँपमधले कपॅसिटर भरत असतात. मग अर्धा तास दणकून गाणी लावा, गाडी बंद करा आणि होल्डरला हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर बहुतेक स्क्रू सैल राहिलाय. पुन्हा पाना काढा.