रानात रेकॉर्डर लावायला निघण्याआधी

बॅटऱ्या, मेमरी कार्डं, यंत्र झाडाला बांधायचे पट्टे, परवानगीचा कागद. हे कुणी विसरत नाही, पुढे चला. घड्याळ! ऑडिओमॉथसारख्या, रानातले आवाज आपोआप टिपणाऱ्या यंत्राची बॅटरी काढली की लावलेली वेळ पुसली जाते. घरी वेळ लावून रानात बॅटरी बदललीत, तर घरची मेहनत वाया. मग खटका ‘डिफॉल्ट’वर असला, तर यंत्र बिनतक्रार चालतं आणि फायलींवर १ जानेवारी १९७० पासूनच्या तारखा पडतात. मी तशा फायली पोतंभर आणल्यात, तुम्ही आणू नका. बॅटरी बदलली की घड्याळ लावा. वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे की स्थानिक, तेही वहीत लिहा.

सॅम्पल रेट, म्हणजे यंत्र सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेणार, तो घरीच ठरवा. जी वारंवारता टिपायची, तिच्या दुपटीहून जास्त लागतो. पक्ष्यांना ४८ किलोहर्ट्झ पुरे, वटवाघळांना २५० किंवा ३८४. पण १६ बिटच्या एका चॅनेलला ४८ वर तासाला साधारण ३५० एमबी लागतात, ३८४ वर पावणेतीन जीबी. कार्ड किती दिवस पुरेल, हा गुणाकार निघण्याआधी करा. चोवीस तास चालू ठेवायचा मोह आवरा. पहाट-संध्याकाळ सलग आणि एरवी दर दहा मिनिटांतलं एक मिनिट घेतलं तरी खूप कळतं. हे वेळापत्रक यंत्र कशावर पाळणार? घड्याळावर.

चार यंत्रांवरून बंदुकीचा बार कुठून आला ते शोधायचं असेल, तर आणखी जपा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा एका सेकंदाच्या फरकाने सगळं गणित कोलमडतं. तिथे हाताने लावलेली वेळ चालत नाही, जीपीएसवरूनच जुळवावी लागते.

जागा: ओढ्यापासून लांब. माइकसमोर एक फांदी हलत असली, तर महिनाभर तीच ऐकाल. पायवाटेजवळ माणसांचं बोलणंही टिपलं जातं, म्हणून पाटी लावा. डबीत ओल शोषायला सिलिका जेल. निघताना दिवा लुकलुकतोय ना, आणि घड्याळ, बघा.

परतल्यावर दोन प्रती, जागेनुसार फोल्डर, मूळ फाइलनावं तशीच. बर्डनेट हा आवाजावरून पक्षी ओळखणारा प्रोग्राम. त्याला ठिकाण आणि आठवडा दिला, की त्या काळात तिथे संभवत नाहीत ते पक्षी तो गाळतो. तारीख चुकली तर भलतेच गाळेल. त्याचा ०.९ गुण म्हणजे ९० टक्के खात्री नव्हे, थोडे नमुने कानाने तपासा. आवाज मिळाला नाही एवढ्यावरून प्राणी नाही असं लिहू नका. पट्टे मोजून परत आणा.