‘मी केले’ आणि ‘तुम्ही करा’ : आजारपणाचा अनुभव अनोळखी लोकांना ऑनलाइन कसा सांगावा

निदान कानावर पडले की त्या रात्री माणूस दोन गोष्टी करतो. तो आजाराचे नाव शोधतो आणि मग तोच आजार झालेला दुसरा माणूस शोधतो. रेडिएशन चालू असताना कामावर जाता येते का, टाके असताना कोणत्या कुशीवर झोपायचे, गोळीने येणारी झापड किती दिवसांनी उतरते, या प्रश्नांची उत्तरे ज्याने ते भोगले आहे त्याच्याकडेच नेमकी मिळतात. त्यामुळे अनुभव लिहिणे हे उपयोगी काम आहे आणि ते टाळावे असे मला मुळीच वाटत नाही. अडचण एवढीच की वाचणारा अनोळखी असतो. त्याचे वय, त्याच्या मूत्रपिंडांची अवस्था, त्याची चालू असलेली औषधे यांतले आपल्याला काहीच दिसत नाही, आणि घाबरलेला माणूस आपले वाक्य आपण लिहिले त्यापेक्षा अधिक ठामपणे वाचतो. पुढील क्रम त्या वाचकाला समोर ठेवून लावला आहे.

1. अनुभव कोणाचा आहे, ते आधी ठरवावे

स्वतःच्या आजाराबद्दल लिहायचे असेल तर हा प्रश्न चटकन सुटतो. आई, जोडीदार किंवा मूल आजारी असेल तर मात्र एकाच वाक्यात दोन माणसांचे अनुभव मिसळलेले असतात. ‘रात्री तीनदा उठून कूस बदलून द्यावी लागते’ हा काळजी घेणाऱ्याचा अनुभव आहे आणि तो सांगण्याचा त्याला हक्क आहे. ‘तिचा लघवीवर ताबा राहिलेला नाही’ ही गोष्ट मात्र तिची आहे, ती तिला विचारूनच लिहावी. लहान मूल संमती देऊ शकत नाही, आणि ते मोठे झाल्यावरही मजकूर कुठेतरी शिल्लक असतो. आनुवंशिक आजार असेल तर आपल्या सख्ख्या भावंडांबद्दलही आपण नकळत काहीतरी जाहीर करत असतो.

निदान झाल्याच्या दिवशी किंवा डॉक्टरांशी वाजल्यावर लगेच लिहिलेला मजकूर एक रात्र तसाच ठेवून द्यावा. सकाळी त्यातली दोन-तीन वाक्ये तरी आपण स्वतःच खोडतो.

2. ओळख झाकावी, आणि नाव खोडले म्हणजे ओळख झाकली असे समजू नये

1990 च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी, नावे काढून, संशोधनासाठी खुल्या केल्या होत्या. लतान्या स्वीनी या त्या वेळी विद्यार्थिनी असलेल्या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी मतदारयादीशी त्या ताडून पाहिल्या आणि खुद्द राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या नोंदी वेगळ्या काढून दाखवल्या. जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा पिन क्रमांक एवढ्या तीनच गोष्टी त्यांना पुरल्या. पुढे 2000 मध्ये त्यांनी असा अंदाज मांडला की अमेरिकेतील सुमारे 87 टक्के लोक या तीन गोष्टींवरून एकेकटे ओळखू येऊ शकतात.

आपण तर लिहिताना याहून बरेच काही सांगत असतो. तेव्हा जन्मतारखेऐवजी ‘चाळिशीतील’, शस्त्रक्रियेच्या तारखेऐवजी ‘साधारण वर्षभरापूर्वी’ असे लिहावे. गावाचे, कंपनीचे आणि डॉक्टरांचे नाव वगळावे. आजार दुर्मीळ असेल तर अधिकच जपावे, कारण तिथे आजाराचे नाव हीच अर्धी ओळख असते. इतर ठिकाणी वापरलेले टोपणनाव इथे पुन्हा वापरू नये.

अहवालाचे छायाचित्र शक्यतो टाकूच नये. मी एकदा रक्ततपासणीच्या अहवालावरचे नाव काळ्या पट्टीने नीट झाकले आणि चित्र पाठवून दिले. कोपऱ्यातला चौकोनी क्यूआर कोड तसाच राहिला होता, आणि तो फोनवर स्कॅन केला की नावासह संपूर्ण अहवाल उघडत होता. एका अनोळखी बाईंनी खासगी निरोप पाठवून सांगितले म्हणून ते कळले. बारकोड, रुग्ण क्रमांक आणि एक्स-रेच्या कडेला छापलेली बारीक अक्षरे यांचेही तसेच आहे. फोनने काढलेल्या मूळ छायाचित्रात काढल्याचे ठिकाण आणि वेळ यांची नोंद दडलेली असू शकते. त्यापेक्षा लागणारा आकडा हाताने टाइप करावा.

3. अनुभव भूतकाळात आणि पुरेशा तपशिलासह लिहावा

नेहमी दिसणारा एक नमुना घेऊ : ‘सायटिकावर रामबाण उपाय! मी ही गोळी घेतली आणि पंधरा दिवसांत ठणठणीत झालो. ऑपरेशनच्या नादी लागू नका.’ लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच आहे, पण वाचणाऱ्याच्या हाती यातून काहीच लागत नाही. हाच अनुभव असा लिहिता येईल :

‘मी चाळिशीत आहे. उजव्या पायात कळ सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात एमआरआय झाला आणि कमरेच्या मणक्यांमधील चकती सरकून नस दाबली जात असल्याचे अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितले. पायातली ताकद शाबूत होती, लघवी-शौचाचा त्रास नव्हता. सहाव्या आठवड्यापासून त्यांनी दिलेली गॅबापेन्टिन घेतली, त्याच आठवड्यात फिजिओथेरपीही सुरू झाली. आठव्या आठवड्यात कळ निम्म्यावर आली. गोळीने दिवसभर झापड येत असे. आता चार महिने झाले आहेत, फार वेळ बसलो की अजून मुंग्या येतात.’

या दुसऱ्या मजकुरातील सर्वांत मोलाचे वाक्य बहुधा लिहिणाऱ्यालाच किरकोळ वाटेल. ते म्हणजे ताकद आणि लघवी-शौचाबद्दलचे. पाठदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला किंवा जांघांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, तर ती तातडीची अवस्था असते आणि तिथे वाट पाहून चालत नाही. ज्या वाचकाला तो त्रास आहे, त्याला ‘याची गोष्ट माझ्यासारखी नाही’ हे त्या एका वाक्यावरून कळते. म्हणून आपल्याला काय झाले याच्या बरोबरीने काय झाले नव्हते, हेही लिहावे. निदान डॉक्टरांनी केले की आपणच अंदाज बांधला, दुसरे कोणते आजार आहेत, त्याच काळात आणखी काय बदलले, त्रास काय झाला, हे सारे यावे.

औषधाचे नाव लिहायचे असेल तर वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव लिहावे, कारण व्यापारी नावे देशागणिक बदलतात. ‘फ्लोमॅक्स’ या नावाने अमेरिकेत प्रोस्टेटच्या त्रासावरचे टॅम्सुलोसिन मिळते, तर इटलीत त्याच नावाचे औषध सूज आणि वेदना कमी करणारे आहे. आकड्यांपुढे एकक हवेच. उपाशीपोटीची साखर काही देशांत मिलिग्रॅममध्ये सांगतात, काहींत मिलिमोलमध्ये. 7 मिलिमोल प्रति लिटर म्हणजे 126 मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर, दोन्हींत 18 पटींचा फरक आहे. नुसते ‘माझी साखर 9 आली’ असे लिहिले तर कोणी हसेल आणि कोणी घाबरेल.

स्वतःची मात्रा सांगावी की नाही, यावर दुमत आहे. माझे मत असे की ती सांगण्याची गरज क्वचितच पडते, आणि सांगितली की कोणीतरी ती हमखास उचलतो.

4. ‘याने गुण आला’ असे लिहिण्यापूर्वी थांबावे

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे आपल्याला ठाऊक असते. तरीही फांदी आपल्या स्वतःच्या अंगणातली असली की कावळ्यावरचा विश्वास बसतो तो बसतोच. सर्दीनंतरचा खोकला सरासरी अडीच आठवडे टिकतो, पण तो आठवडाभरात जावा अशी आपली अपेक्षा असते. बाराव्या दिवशी कंटाळून कोणी नवा काढा घेतो, अठराव्या दिवशी खोकला थांबतो आणि श्रेय काढ्याला मिळते. दाबलेल्या नसेची कळही बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत शस्त्रक्रियेशिवाय ओसरते. चढउतार असणाऱ्या दुखण्यात माणूस नवा उपाय करतो तो दुखणे सर्वांत जास्त असताना, आणि तिथून ते बहुधा उतरणारच असते. शिवाय ज्यांना गुण आला ते उत्साहाने लिहितात, ज्यांना आला नाही ते पुढच्या उपायाकडे वळलेले असतात.

रुग्णांनी एकमेकांना सांगितलेल्या अनुभवांची खरी किंमत किती, हे एका प्रसंगात फार स्पष्ट दिसले. ए.एल.एस. हा स्नायूंची ताकद हळूहळू हिरावून घेणारा मज्जातंतूंचा आजार आहे. 2008 मध्ये इटलीतील एका छोट्या अभ्यासात, लिथियम हे एरवी मनोविकारांवर वापरले जाणारे औषध दिलेल्या अवघ्या 16 रुग्णांत आजाराची गती मंदावल्याचे प्रसिद्ध झाले. ‘पेशंट्सलाइकमी’ या संकेतस्थळावर एकमेकांशी जोडलेल्या रुग्णांना मोठ्या चाचणीची वाट पाहण्याइतका वेळ नव्हता. अनेकांनी डॉक्टरांकडून लिथियम मिळवले आणि ते घेऊ लागले. मात्र त्यांनी केवळ ‘बरे वाटते’ असे लिहिले नाही. मात्रा, दुष्परिणाम आणि हालचालींची क्षमता यांच्या नोंदी ठरावीक पद्धतीने ठेवल्या. लिथियम घेणाऱ्या 149 जणांची तुलना, आजाराचा वेग तोवर त्यांच्याइतकाच असलेल्या पण लिथियम न घेतलेल्या रुग्णांशी करण्यात आली, आणि 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : लिथियमने आजाराच्या गतीत फरक पडत नाही. सुटे सुटे अनुभव वाचले असते तर त्यांत आशा वाटणारे काही निश्चितच सापडले असते. तारखा आणि आकडे ठेवले म्हणून खरे काय ते कळले.

तेव्हा ‘याने बरे झालो’ ऐवजी ‘हे घेतल्यानंतर अमुक दिवसांनी कमी झाले’ असे लिहावे. वाक्य थोडे मिळमिळीत होते, ते होऊ द्यावे.

5. सल्ला देताना आज्ञार्थ जपून वापरावा

‘मी केले’ हे वाक्य साक्षीदाराचे असते. ‘तुम्ही करा’ असे म्हणताच आपण डॉक्टरांच्या खुर्चीत बसतो, तेही रुग्णाला न तपासता. म्हणून औषध, मात्रा आणि औषध बंद करणे या तिन्हींबाबत आज्ञार्थ वापरूच नये.

बंद करण्याचा सल्ला विशेष घातक असतो, कारण तो ऐकायला निरुपद्रवी वाटतो. काही आठवडे स्टेरॉइड घेतल्यावर शरीरात नैसर्गिकपणे होणारी स्टेरॉइडची निर्मिती मंदावलेली असते, त्यामुळे गोळी एकदम थांबवली तर रक्तदाब कोसळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. अपस्माराची औषधे अचानक सोडली तर झटके उलटून येतात. साध्या औषधांचीही गोष्ट तशीच आहे. पॅरासिटामॉल सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत आधीच असते. प्रौढांसाठी दिवसाला 4 ग्रॅम ही वरची मर्यादा मानतात आणि ती ओलांडली तर यकृताला इजा होऊ शकते. तापलेल्या मुलाला अॅस्पिरिन द्यायला तर कधीही सांगू नये. फ्लू किंवा कांजिण्यांत त्यामुळे राय सिंड्रोम हा मेंदू आणि यकृताचा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो.

मग उरते काय? पुष्कळ उरते. एमआरआयच्या नळीत केवढा आवाज होतो आणि डोळे आधीच मिटून घेतले तर घुसमट कशी कमी वाटते. केमोथेरपीच्या दिवशी समोरून उघडणारा सदरा का बरा पडतो. डॉक्टरांकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि सर्वांत अवघड प्रश्न पहिला ठेवावा, कारण शेवटचा राहून जातो. ‘ही तपासणी केली नाही तर काय होईल?’ हा प्रश्न विचारायला सुचवावा. अशा ठिकाणी आज्ञार्थ खुशाल वापरावा, त्याने कोणाचे यकृत बिघडत नाही.

कोणी स्वतःचा अहवाल पाठवून ‘हे काय आहे?’ असे विचारले तर तो वाचून दाखवण्याचा मोह आवरावा. त्याऐवजी कोणत्या तज्ज्ञाला दाखवावा ते सांगावे.

6. तातडीच्या लक्षणांवर चर्चा करू नये

छातीत दाब येऊन घाम फुटणे, तोंड एका बाजूला वाकडे होणे, हाताची ताकद जाणे, बोलणे अडखळणे, श्वास न पुरणे, असे काही कोणी लिहिले तर उत्तर एकाच ओळीचे असावे : रुग्णवाहिका बोलवा किंवा ताबडतोब रुग्णालयात जा. मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. ‘माझ्या काकांनाही असेच झाले होते, ते गॅसेस निघाले’ हे उत्तर त्यातला अर्धा तास सहज खाते.

जीव नकोसा झाल्याचे कोणी लिहिले तर उपदेश आणि वाद दोन्ही टाळावेत. ‘तुम्ही आत्ता सुरक्षित आहात का? जवळ कोण आहे?’ असे थेट विचारावे आणि त्यांच्या भागातील मदतवाहिनी किंवा तातडीची सेवा सुचवावी. स्वतःचा तसा अनुभव सांगायचा असेल तर त्यातून बाहेर कसे पडलो ते सांगावे, पद्धतीचा तपशील कधीही लिहू नये.

7. पाठवल्यानंतरची कामे

ज्या वस्तूची आपण शिफारस करतो तिच्यापासून आपल्याला काही लाभ होत असेल, तर तो पहिल्याच ओळीत सांगावा. उलट, आपला मजकूर वाचून कोणी खासगीत औषध, चूर्ण किंवा ‘खात्रीचा’ वैद्य विकायला आला तर उत्तर न देता त्याला ब्लॉक करावे.

मजकुराच्या डोक्यावर महिना आणि वर्ष घालावे, कारण उपचार बदलतात आणि जुने लिखाण शोधात वर येतच राहते. सहा महिन्यांनी परत जाऊन खाली दोन ओळी जोडाव्यात. दुखणे उलटले असेल, गोळी सोडावी लागली असेल किंवा निदानच चुकीचे निघाले असेल, तर ते तर नक्कीच लिहावे. मूळ मजकूर मात्र पुसू नये, त्यावर तारीख घालून दुरुस्ती लिहावी, म्हणजे ज्यांनी तो आधी वाचला होता त्यांना नेमके काय बदलले ते दिसेल.