खोकल्याची वही : आपल्या वाट्याचं प्रदूषण कसं शोधायचं

फुफ्फुसांच्या तपासणीच्या खोलीत माझी सतरा वर्षं गेली. काम काय, तर लोकांना फुंकायला लावणं. ‘पूर्ण श्वास घ्या, ओठ नळीवर घट्ट, आता फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका...’ निदान सहा सेकंद, पडद्यावरची रेघ आडवी होईपर्यंत. संध्याकाळी घरी जाते तेव्हा माझाच घसा बसलेला असतो.

तपासणी झाली की लोक विचारतात, ‘हे हवेमुळेच ना हो?’ मी विचारते, ‘कुठल्या हवेमुळे?’ दिवसभरात आपण चार-पाच वेगवेगळ्या हवा घेतो. ओट्यापाशी एक, रस्त्यावर दुसरी, कामावर तिसरी, आणि झोपायच्या खोलीत सात-आठ तास चौथी. मोबाइलवर दिसणारा हवेचा निर्देशांक कुठल्यातरी केंद्रावरच्या यंत्राचा असतो. तुमच्या नाकाशी काय चाललंय ते त्या यंत्राला कळत नाही. म्हणून मी वही ठेवायला सांगते.

वही कशी ठेवायची

साधी वही, दोन आठवडे. त्यात सुट्टीचे दोन-तीन दिवस यायलाच हवेत. का, ते पुढे सांगते. रोज एक पान. वेळ, कुठे होतो, जवळ काय जळत, उडत किंवा वास मारत होतं, आणि शरीराला काय झालं. ‘बरं नव्हतं’ असं लिहू नका. ‘सव्वासातला डोळे चुरचुरले, जिना चढताना मध्ये थांबलो’ असं लिहा.

दमा असेल, तर पीक फ्लो मीटर घ्या. श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारी प्लॅस्टिकची नळी, त्यावर सरकणारा काटा. उभं राहायचं, काटा शून्यावर आणायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एकाच झटक्यात फुंकायचं. वाढदिवसाची मेणबत्ती विझवल्यासारखं गाल फुगवून नव्हे. तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. सरासरी नको. सकाळी उठल्यावर एकदा, रात्री झोपण्याआधी एकदा, आणि इनहेलर घेण्याआधी.

दिवसाचा चढउतार काढायचा तर मोठ्या आकड्यातून लहान वजा करा, उत्तराला दोन्हींच्या सरासरीने भागा आणि शंभरने गुणा. मोठ्या माणसांत दोन आठवड्यांची सरासरी १० टक्क्यांच्या वर आली, मुलांत १३ च्या वर, तर श्वासनलिका चिडलेल्या आहेत असं समजून डॉक्टरांकडे जा.

माझ्याच वहीचं सांगते. मला लहानपणापासून सौम्य दमा आहे. एका वर्षी संध्याकाळचा खोकला जाईना. खिडकीखालून रहदारी जाते, तेव्हा दोष तिचाच, हे मी ठरवूनच टाकलं होतं. सात वाजता खिडक्या बंद करायचे. वहीत सकाळी ४१०, रात्री ३४०. गणित केलं तर जवळपास १९ टक्के. विचित्र गोष्ट अशी, की सहसा याच्या उलट असतं. आकडा पहाटे सगळ्यात खाली आणि दुपारनंतर वर. माझा रात्री पडत होता. आणि रविवारी रस्ता ओस असतानाही तेवढाच पडत होता.

खिडक्या बंद केल्यावर मी रोज डासांची कॉइल लावत होते. दार-खिडक्या लावून! एका कॉइलमधून निघणाऱ्या सूक्ष्म कणांचं वजन ७५ ते १३७ सिगारेटींइतकं भरतं, असं मोजमाप २००३ साली प्रसिद्ध झालेलं आहे. हे मी दुसऱ्यांना सांगत असे. कॉइल बंद करून मच्छरदाणी लावली, आठव्या दिवशी रात्रीचा आकडा ४०० वर.

वहीतून काय वाचायचं

सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं आणि कामाच्या दिवशी त्रास होतो, तर संशय कामाच्या जागेवर. वेल्डिंगचा धूर, पिठाची धूळ, रंगाचा फवारा, लाकडाचा भुसा. एक अपवाद लक्षात ठेवा. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांची छाती आठवड्याच्या पहिल्याच दिवशी सर्वांत जास्त आवळते आणि पुढे थोडी सैल होते. बिसिनोसिस म्हणतात त्याला. ‘नंतर बरं वाटतं’ म्हणून ते दुर्लक्ष करतात आणि वर्षानुवर्षं फुफ्फुस गमावत बसतात.

सुट्टीतही तेवढाच त्रास आणि बाहेरगावी गेल्यावर आराम, तर घरात बघा. सरपण, कोळसा किंवा शेणीवर स्वयंपाक होत असेल, तर आणखी शोधायची गरजच नाही. जगात दोनशे कोटींहून जास्त लोक अजून अशा धुरात आहेत आणि त्याची झळ बायका-मुलांना सर्वांत जास्त लागते. इंधन बदलता येत असेल तर तेच करा. नसेल तर चूल भिंतीबाहेर किंवा धुराड्याखाली न्या आणि लहान मूल कडेवर घेऊन फुंकणीला बसू नका. गॅसच्या शेगडीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, तेव्हा शेगडी पेटवण्याआधीच पंखा चालू करा, धूर दिसल्यावर नव्हे. ओल, बुरशी, नवा रंग, नवं प्लायवूड हेही वहीत लिहा.

घरातल्या सगळ्यांचंच डोकं एकाच वेळी दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर पडल्यावर बरं वाटतंय, तर वही राहू दे. आधी सगळ्यांना बाहेर काढा. बंद खोलीत शेगडी, गीझर किंवा जनरेटर चालू असेल तर तो कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने तो रक्ताला चिकटतो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं. त्याला दोन्हीतला फरक ओळखता येत नाही, ते खुशाल ९८ दाखवतं. त्यावर विसंबून घरी थांबलेली माणसं मी पाहिली आहेत.

बाहेरची हवा

धुळीचे मोठे कण नाकात, घशात अडकतात. २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण, केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याचे, थेट वायुकोशात उतरतात आणि त्यातले अतिसूक्ष्म रक्तात जातात. गाड्या, कारखाने, कोळशाची वीजकेंद्रं, जाळलेला कचरा, बांधकाम, शेतात पेटवलेले धसकट हे त्यांचे मुख्य उगम. फुफ्फुसांत काम करूनही मला सांगावं लागतं की हा आधी हृदयाचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये बाहेरच्या हवेमुळे सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू झाले आणि त्यातले ६८ टक्के हृदयविकार आणि पक्षाघाताचे होते. म्हणून वहीत खोकल्याबरोबर छातीतली धडधड आणि रक्तदाबही लिहा.

निर्देशांक बघताना रंगावर जाऊ नका. रंगांच्या पट्ट्या देशोदेशी वेगळ्या असतात. एकीकडचा ‘समाधानकारक’ दुसरीकडे ‘वाईट’ ठरतो. पीएम २.५ चा, म्हणजे वर सांगितलेल्या बारीक कणांचा, घनमीटरमागे किती मायक्रोग्रॅम हा आकडा बघा. २०२१ च्या जागतिक मार्गदर्शक मर्यादेप्रमाणे वर्षाची सरासरी ५ आणि चोवीस तासांची १५. बहुतेक शहरांना हे आकडे वाचून हसू येईल.

वेळ सांभाळणं मात्र आपल्या हातात असतं. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर गरम थराचं झाकण बसतं आणि धूर खालीच कोंडतो. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर असंच झाकण पाच दिवस बसलं होतं. तेव्हा मृतांचा आकडा ४,००० सांगितला गेला, पुढच्या अभ्यासांत तो १२,००० पर्यंत गेला. अशा दिवसांत पहाटेचं धावणं पुढे ढकला, ऊन चढल्यावर जा. उन्हाळ्यात उलट. गाड्यांच्या धुरातून उन्हाच्या मदतीने श्वासनलिकांना चिडवणारा ओझोन वायू तयार होतो आणि दुपारी चढतो, तेव्हा सकाळ बरी. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. जोरात धावणारा साठ लिटरांच्या वर. त्याच धुरात तुम्ही कितीतरी पटींनी मोठा डोस घेता.

रस्त्यापासूनचं अंतरही मोठं काम करतं. धुराचं प्रमाण पहिल्या शंभर-दोनशे मीटरांतच बरंच उतरतं. एला किस्सी-डेब्रा ही लंडनची नऊ वर्षांची मुलगी वर्दळीच्या रस्त्यापासून ३० मीटरच्या आत राहायची. २०१३ मध्ये ती दम्याने गेली; २०२० मध्ये मृत्यूच्या चौकशीत हवेचं प्रदूषण हे एक कारण म्हणून नोंदवलं गेलं. ब्रिटनमध्ये हे पहिल्यांदाच घडलं. तिच्या आईने त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. मुलाला शाळेत नेताना मागची गल्ली पाच मिनिटांनी लांब पडत असेल, तरी तीच घ्या.

मास्क एन-९५ असेल आणि गालांना नीट चिकटत असेल तरच कण अडवतो. दाढीवर बसत नाही. वायू कुठल्याच साध्या मास्कने अडत नाहीत. घरात हवा शुद्ध करणारं यंत्र घेणार असाल तर हेपा, म्हणजे बारीक कण अडवणारी गाळणी असलेलं घ्या. ‘ओझोनने हवा ताजी’ म्हणणारं यंत्र दमेकऱ्याच्या खोलीत ठेवू नका.

पाणी आणि शिसं

हा माझा प्रांत नव्हे, म्हणून थोडक्यात. पाणी उकळलं की जंतू मरतात. आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट, शिसं तसंच राहतं. उलट वाफ गेल्याने दाट होतं. चवीने, रंगाने यांतलं काही कळत नाही, प्रयोगशाळेतच तपासावं लागतं. विंधन विहिरीचं पाणी पाजत असाल आणि घरात तान्हं बाळ असेल तर नायट्रेटची तपासणी आधी करा. रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाऊन बाळ निळं पडू शकतं.

शिशाला सुरक्षित अशी पातळीच नाही. लहान मूल गिळलेलं शिसं मोठ्यांपेक्षा चार-पाच पट जास्त शोषून घेतं, आणि त्याचा घाव मेंदूवर पडतो. शिसंमिश्रित पेट्रोलची विक्री जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, २०२१ मध्ये थांबली, पण जुन्या रंगात आणि नळांत शिसं अजून आहे. जुनी खिडकी कोरडी घासू नका, ओली करून खरवडा. फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. रात्रभर नळात साचलेलं पाणी सकाळी काही मिनिटं सोडून द्या, ते झाडांना घाला.

वही घेऊन येताना

विश्रांतीतही धाप लागत असेल, एक वाक्य पुरं करताना श्वास घ्यावा लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा पीक फ्लो तुमच्या सर्वोत्तम आकड्याच्या निम्म्याखाली गेला असेल, तर दोन आठवडे पूर्ण होण्याची वाट बघू नका, थेट तातडीच्या विभागात जा. ५० ते ८० टक्क्यांत रेंगाळत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

नाहीतर वही घेऊन तपासणीला या. यायच्या आधी दोन तास पोटभर जेवू नका, तासभर आधी सिगारेट नको, कमरेला घट्ट काही बांधू नका. सकाळचा इनहेलर घ्यायचा की नाही, ते आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा. नळीत फुंकताना मी ओरडेन, ते मनावर घेऊ नका.