गाडीचा रिमोट चालेना? शोरूम गाठण्याआधी हे करून बघा

रिमोटचं बटण दाबलं आणि गाडी गप्प राहिली, की आपण सगळे एकच करतो: तेच बटण आणखी जोरात दाबतो. मग गाडीच्या जवळ जाऊन दाबतो, मग अंगठा दुखेपर्यंत दाबतो. शेवटी शोरूमला फोन. तिकडून 'नवीन किल्ली घ्यावी लागेल, काही हजार लागतील' असं उत्तर आलं, तरी लगेच हो म्हणू नका. बऱ्याचदा दोष पन्नास-शंभर रुपयांच्या सेलमध्ये असतो, आणि कधी कधी तर किल्लीत दोषच नसतो.

आधी गाडीत शिरा

रस्त्यात अडकला असाल तर दुरुस्तीचं नंतर बघू. पातं असलेली किल्ली असेल तर ड्रायव्हरच्या दाराला किल्लीचं भोक असतंच, सरळ तिथे घालून फिरवा. पुश-बटणवाल्या गाडीची स्मार्ट किल्ली असेल तर तिच्याही पोटात एक छोटं पातं दडलेलं असतं. कडेची खिट्टी सरकवली की ते बाहेर निघतं. दाराला भोक दिसत नसेल तर हँडलपाशी गाडीच्या रंगाचंच एक झाकण असेल. त्याच्या खालच्या बाजूला बारीक खाच असते, तिथे पातं घालून झाकण हलकेच उचका. दार असं उघडल्यावर अलार्म बोंबलू शकतो. घाबरू नका, गाडी चालू झाली की तो थांबतो.

चालू कशी करायची? ब्रेक (गिअरच्या गाडीत क्लच) दाबा, किल्ली स्टार्ट बटणाला टेकवून धरा आणि बटण दाबा. काही गाड्यांत किल्ली ठेवायची जागा कप होल्डरपाशी किंवा कन्सोलमध्ये असते, ती मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते. किल्लीतल्या ज्या चिपला गाडी ओळखते तिला सेल लागतच नाही. गाडीतली तारेची कॉइल तिला जवळून वीज पुरवते. सेल मेला तरी इंजिन चालू होतं ते यामुळेच.

आता दुसरी किल्ली शोधा

कपाटात कागदपत्रांच्या पिशवीत पडलेली. सगळ्या तपासणीत ही पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी हीच लोक गाळतात. दुसरी किल्ली चालली तर दोष पहिल्या किल्लीत. दोन्ही चालत नसतील तर बहुधा किल्ल्यांचा काही गुन्हा नाही, गाडीकडे बघा. (दुसरी किल्ली पाच वर्षं तशीच पडून असेल, तर तिचाही सेल गेलेला असू शकतो, हे मात्र धरून चाला.)

गाडीकडे बघायचं म्हणजे आतला दिवा लावा. तो मंद असेल किंवा लागतच नसेल तर गाडीची बॅटरी उतरली आहे. मल्टिमीटर असेल तर उभ्या गाडीची चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, 12 च्या खाली गेली की ती उतरली समजा. दार किंवा डिकी नीट लागलेली नसेल, इग्निशन चालू राहिलं असेल, तरीही अनेक गाड्या रिमोटचं ऐकत नाहीत.

जागाही बदलून बघा. आपल्याकडचे बहुतेक रिमोट 433 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. त्याच पट्ट्यात सोसायटीच्या गेटचे रिमोट, बिनतारी डोअरबेल, टायरच्या हवेचे सेन्सर असे बरेच जण बडबडत असतात. घरी चालणारी किल्ली एखाद्या मॉलच्या तळघरातच रुसत असेल तर काचेला अगदी चिकटवून बटण दाबा. स्मार्ट किल्ली मोबाइलच्या खिशातून वेगळी काढा.

आणि एक: टीव्हीच्या रिमोटसारखं मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बटण दाबून 'लाइट दिसतोय का' बघू नका. टीव्हीचा रिमोट अदृश्य प्रकाश सोडतो, गाडीचा रेडिओ लहर. कॅमेऱ्याला काहीच दिसणार नाही आणि तुम्ही चांगला रिमोट मोडीत काढाल.

सेल बदलताना

रेंज हळूहळू कमी होत गेली, आधी गॅलरीतून उघडणारी गाडी आता दोन पावलांवरून उघडते, तर सेलच संपत आलाय. रिमोटवरचा बारीक लाल दिवा लागतो म्हणून सेल ठीक, असं समजू नका. दिव्याला थोडी वीज पुरते, लहर पाठवायला जास्त लागते. मीटरचंही तसंच. नुसता टेकवला तर थकलेला सेलही 2.9 व्होल्ट दाखवतो आणि बटण दाबताच बसतो. नव्या सेलचा आकडा 3 च्या थोडा वरच असतो. शंका असेल तर बदलून टाका, वाद घालण्याइतकी त्याची किंमत नाही.

किल्लीच्या दोन भागांमधल्या फटीत नाणं किंवा चपटा स्क्रू-ड्रायव्हर घालून पिळा. स्क्रू-ड्रायव्हरला कापड गुंडाळा, नाहीतर कडेला ओरखडे पडतात. उघडल्या उघडल्या, काहीही हलवायच्या आधी, मोबाइलवर फोटो काढा. सेलची अधिक (+) खुणेची बाजू वर होती की खाली, हे दोन मिनिटांत विसरायला होतं.

सेलवरचा नंबर तंतोतंत जुळवा. सीआर2032 म्हणजे 20 मिलिमीटर रुंद आणि 3.2 मिलिमीटर जाड. सीआर2025 तेवढाच रुंद, पण 2.5 मिलिमीटर जाड. दुकानदार 'चालतो हो' म्हणून देतो, तो बसतोही. पण सेलला टेकणाऱ्या धातूच्या पत्रीला सैल लागतो आणि रिमोट कधी चालतो, कधी नाही. सेल सुटा घेऊ नका, पाकिटातला आणि तारीख बघून घ्या. बसवताना कडेने धरा, बोटांचं तेल लागू देऊ नका. पत्री दबली असेल तर नखाने किंचित वर करा.

जुना सेल तिथेच टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने तो गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. तसा नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल गाठा.

सेल नवा, तरी चालेना

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीत चिंब भिजलो, तेव्हा किल्ली पँटच्या खिशात होती. दुसऱ्या दिवशी अनलॉक चाले, लॉक नाही. एकच बटण मेलं म्हणजे सेल निर्दोष, एवढं कळत होतं. उघडून बघितलं तर रबरी बटणाखालच्या काळ्या ठिपक्यावर आणि त्याच्यासमोरच्या सर्किटवर पांढरट थर साचला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कानकाडी बुडवून दोन्हीकडून पुसलं, अर्धा तास वाळवलं, लॉक परत आलं. तुमच्या किल्लीत रबराऐवजी 'टिक' वाजणारे बारीक स्विच असतील तर ते हलतात का बघा. हलत असेल तर सोल्डरचा टाका सुटलाय, मोबाइल दुरुस्तीवाला तो पाच मिनिटांत लावून देतो.

भिजलेल्या किल्लीचा सेल आधी काढा, बाकी सगळं नंतर. तांदळाच्या डब्यात पुरण्यापेक्षा उघडी करून पंख्याखाली ठेवलेली बरी. हेअर ड्रायरचा गरम झोत नको.

बाळाने दिवसभर किल्लीशी खेळल्यावर रिमोट बंद पडला असेल तर गोष्ट वेगळी. रिमोट दर दाबण्याला नवा कोड पाठवतो आणि गाडी पुढचे ठरावीक कोडच मान्य करते. घरात शेकडो वेळा दाबलं की रिमोट पुढे निघून जातो, गाडी मागे राहते. काही गाड्यांत किल्ली इग्निशनमध्ये घालून चालू स्थितीत आणली आणि लॉक बटण दाबून धरलं की जोडणी परत होते. कृती प्रत्येक गाडीची निराळी, मॅन्युअल उघडाच.

गाडी बेस मॉडेल असेल आणि सेंट्रल लॉक ॲक्सेसरीच्या दुकानातून बसवलं असेल, तर वेगळ्या लटकणाऱ्या त्या रिमोटचा सेल बऱ्याचदा नाण्यासारखा नसतो. 23ए नावाचा 12 व्होल्टचा बुटका सेल असतो. त्याची तक्रार शोरूमकडे नेऊन उपयोग नाही, ज्याने बसवलं त्याच्याकडेच जा.

कव्हर आणि कोडिंग

फुटलेलं कव्हर बदलताना जुन्या कव्हरच्या खोबणीत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी काळी चिप अडकलेली असू शकते. ती नव्यात टाकायला विसरलात तर दारं झकास उघडतील आणि इंजिन काही चालू होणार नाही. जुनं कव्हर फेकायच्या आधी उजेडात नीट बघा.

इतकं करूनही जमलं नाही तर शोरूमला किंवा कोडिंग करणाऱ्या (म्हणजे किल्ली गाडीत नोंदवून देणाऱ्या) चावीवाल्याकडे जा, आरसी आणि ओळखपत्र घेऊन. जाताना दोन्ही किल्ल्या न्या. नवी किल्ली नोंदवताना अनेक गाड्यांत जुन्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. घरी राहिलेल्या किल्लीने मग दार उघडेल, पण गाडी तिला ओळखणार नाही.