नॅनो खते आणि औषधे जबाबदारीने कशी वापरावीत?

सांगली-सातारा पट्ट्यातील ऊस, द्राक्ष आणि हळद उत्पादकांना आज कोणत्याही कृषी सेवा केंद्रात ‘नॅनो’ असे छापलेली बाटली सहज मिळते. साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. माणसाच्या केसाची जाडीच सुमारे ८०,००० नॅनोमीटर असते. आकार लहान असल्यामुळे हे कण पानात सहज शिरतात, आणि त्याच कारणामुळे ते श्वासावाटे फुफ्फुसात खोलवरही जाऊ शकतात. म्हणून या उत्पादनांचा आग्रह धरण्याआधी ती वापरण्याची शिस्त अंगी बाणवणे आवश्यक आहे.

खरेदी करताना सर्वप्रथम लेबल वाचावे. खत असेल तर ते खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार मान्य असले पाहिजे. कीड किंवा रोगावरचे औषध असेल तर कीटकनाशक कायदा, १९६८ खालील नोंदणी क्रमांक आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण बाटलीवर असलाच पाहिजे. द्राक्षबागेसाठी ‘नॅनो सिल्व्हर’ किंवा तत्सम नावाची बाटली कोणी पुढे केली आणि तिच्यावर घटकांचे प्रमाण, बॅच क्रमांक व नोंदणी यांपैकी काहीच नसेल, तर ती घेऊ नये. चांदीचे कण बुरशीबरोबर उपयुक्त जिवाणूंनाही मारतात. शेणखत, ॲझोटोबॅक्टर (नत्र स्थिर करणारे जिवाणू) आणि ट्रायकोडर्मा (उपयुक्त बुरशी) देऊन जिवंत ठेवलेल्या जमिनीत ते विनाकारण सोडणे मला अजिबात पटत नाही. शिवाय निर्यातीच्या मालाच्या अवशेष तपासणीत अनोळखी घटक सापडला, तर नुकसान बागायतदाराचेच होते. पक्की पावती मागून घ्यावी.

नॅनो युरिया, म्हणजे पानांवर फवारायचा द्रवरूप युरिया, याबाबत सर्वांत मोठा गैरसमज मात्रेचा आहे. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २०.७ किलो नत्र असते. २०२१ मध्ये आलेल्या ४ टक्के नत्राच्या अर्ध्या लिटर बाटलीत ते जेमतेम २० ग्रॅम होते आणि २० टक्क्यांच्या नव्या बाटलीतही ते सुमारे १०० ग्रॅमच भरते. पानावाटे नत्र अधिक कार्यक्षमतेने मिळते, असा उत्पादकांचा दावा आहे. मात्र लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगांत भात व गव्हाचे उत्पादन घटल्याचे आढळले. त्यामुळे उसाच्या लागणीचा बेसल डोस (लागणीवेळी जमिनीत द्यायचे खत) कमी करू नये, माती परीक्षणानुसार तो पूर्ण द्यावा आणि वरखताचा काही भाग कमी करायचाच असेल, तर आधी थोड्या सऱ्यांवर करून पाहावा.

फवारणीसाठी लेबलवरील प्रमाण पाळावे. लिटरला २ ते ४ मिली असे लिहिले असेल, तर १५ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला ३० ते ६० मिली पुरते. ते टोपणाने अंदाजे न घेता मापानेच घ्यावे. कण तळाशी बसलेले असू शकतात, म्हणून बाटली आधी चांगली हलवावी. दुसरे औषध मिसळायचे असल्यास काचेच्या बरणीत थोडे मिश्रण करून पाहावे, आणि साका बसला किंवा दही फुटल्यासारखे दिसले, तर ते पंपात टाकू नये. फवारणी वारा नसताना, सकाळी किंवा सायंकाळी करावी.

द्रवापेक्षा कोरडी भुकटी अधिक जपून हाताळावी लागते, आणि नेमके याकडे दुर्लक्ष होते. झिंक ऑक्साईडसारख्या भुकटीची पुडी बंद शेडमध्ये, पंखा चालू ठेवून फाडू नये. तोंडाला गुंडाळलेला रुमाल इतके बारीक कण अडवत नाही. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि चष्मा घालून भुकटी हळूच पाण्यात सोडावी. हे साहित्य फवारणीला येणाऱ्या मजुरालाही शेतमालकानेच द्यावे. त्रास झाल्यास डॉक्टरांकडे जाताना लेबल सोबत न्यावे.

पंप धुतलेले पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा कृष्णेला मिळणाऱ्या चरात न ओतता ते त्याच पिकावर फवारून संपवावे आणि रिकाम्या बाटल्यांना भोके पाडून त्या निरुपयोगी कराव्यात.

गावात या तंत्राचा प्रसार करायचा असेल, तर शेतकरी गटाने एकाच रानात काही सऱ्या नॅनो खताच्या आणि काही नेहमीच्या खताच्या ठेवून तारीख, मात्रा, खर्च व पाऊस यांची नोंद करावी. तोडणीच्या वेळी दोन्ही भागांतील ऊस वेगळा मोजावा आणि उत्पादन वाढो वा घटो, ते आकडे जसेच्या तसे गटापुढे व सहायक कृषी अधिकाऱ्यांपुढे ठेवावेत.