खिशाला हलकं, हाताला जड

दुकानदाराने काचेच्या कपाटातून ते रिव्हॉल्वर काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि मला वाटलं, हे खेळण्यातलं दिलं की काय! साडेअकरा औंस, म्हणजे जेमतेम सव्वातीनशे ग्रॅम. सांगलीच्या घरातला आजीचा अडकित्ता याहून जड असेल. स्कँडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा सांगाडा, टायटॅनियमचा सिलिंडर, आणि त्यातून थेट .३५७ मॅग्नम हे जोरदार काडतूस झाडता येतं म्हणे. मी तिथल्या तिथे कार्ड काढलं. पुढे दीड वर्ष पस्तावले.

ह्यूस्टनच्या बाहेर माझं स्वतःचं छोटं औषधांचं दुकान आहे. रात्री नऊला बंद करते, दिवसाची रोकड पर्समध्ये घालते आणि अर्धवट उजेडाच्या पार्किंगमधून गाडीपर्यंत एकटी चालत जाते. त्यामुळे मंडळातल्या मैत्रिणी मला विचारतात, "तुझ्यासारखं छोटंसं, हलकंसं कुठलं घेऊ गं?" दर वेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून काढते.

पहिला प्रश्न बंदुकीचा नाही, व्हिसाचा. नागरिक असाल किंवा ग्रीन कार्ड असेल तर ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी होते, आणि परवानाधारक दुकानातून हँडगन घ्यायला वय २१ पूर्ण लागतं. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावरच्यांना केंद्रीय कायद्याने मुळात बंदी आहे. शिकारीचा परवाना काढला की बंदूक घेता येते, अशी एक पळवाट लोक पार्टीत मोठ्या उत्साहाने सांगतात. कायद्यात तो अपवाद आहेही, पण वकिलाशी बोलल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका, ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे असाल तर नाहीच नाही. आणि ज्याला स्वतःला घेता येत नाही त्याच्यासाठी आपल्या नावावर घेणं हा सरळ गुन्हा आहे, मग तो नवरा का असेना.

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला हँडगन बाळगायला परवाना लागत नाही. तरी परवाना काढाच. इतर अनेक राज्यांत तो चालतो, आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. ३, ७ आणि १५ यार्डांवरून २०, २० आणि १० अशा ५० गोळ्या, २५० पैकी १७५ गुण. अवघड अजिबात नाही. मी ती दिली नेमबाजीच्या रेंजवरच्या भाड्याच्या मोठ्या पिस्तुलाने, मस्त पास झाले, आणि घरी येऊन खिशात ठेवलं ते सव्वातीनशे ग्रॅमचं पाखरू. म्हणजे लायसन्सची परीक्षा मारुतीवर द्यायची आणि रस्त्यावर काढायची बुलेट, त्यातला प्रकार.

तर माझी निवडीची कसोटी एवढीच: जे घेणार आहात त्याच रिव्हॉल्वरने त्या ५० गोळ्या एका दमात झाडता आल्या पाहिजेत. हात न थरथरता, डोळे न मिटता.

हे का, ते शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. गोळी पुढे जाते तेवढाच संवेग बंदुकीला मागे मिळतो. काडतूस तेच ठेवून बंदुकीचं वजन निम्मं केलंत की तिचा मागे येण्याचा वेग दुप्पट होतो, आणि हाताला बसणाऱ्या लाथेची ऊर्जाही दुप्पट. स्टीलचं छोटं .३५७ साधारण २२-२३ औंसांचं असतं, माझं त्याच्या निम्मं. पहिल्या दिवशी रेंजवर मी पाच मॅग्नम भरल्या. पहिल्या गोळीला ओरडले. दुसरीला मूठ हातात फिरली. तिसरीनंतर अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्याची कातडी फाटून रक्त आलं. चौथी कुठे गेली ते कागदालाही ठाऊक नाही. पाचवीला चापच ओढला जाईना. सिलिंडर जागेवर गच्च अडकला होता.

तिथल्या प्रशिक्षकाने कारण दाखवलं. चार लाथा बसल्या तेव्हा बंदूक झटक्याने मागे आली, आणि पाचव्या काडतुसाचं पितळी कवच तिच्याबरोबर मागे ओढलं गेलं, पण जड शिशाची गोळी जागच्या जागी राहिली. म्हणजे ती कवचातून थोडी पुढे सरकली, सिलिंडरच्या तोंडाबाहेर डोकावली आणि सांगाड्याला अडली. चादर झटक्याने ओढली की वरचं भांडं जागच्या जागी राहतं ना, तसंच. म्हणून हलक्या रिव्हॉल्वरसाठी नवं काडतूस घेतलं की मी आजही एक चाचणी करते. पाच भरायचे, चार झाडायचे, पाचवं बाहेर काढून डब्यातल्या कोऱ्या काडतुसाशेजारी उभं करायचं. उंची वाढलेली दिसली तर ते काडतूस त्या बंदुकीत पुन्हा घालायचं नाही.

आता प्रत्यक्ष निवड. बाजारात नावं ढीगभर असली तरी बहुतेकींची गाडी दोन स्टेशनांवर थांबते.

एक, स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ६४२ किंवा त्याचं काळं भावंड ४४२. हे त्यांच्या जे-फ्रेम या छोट्या रिव्हॉल्वरांच्या घराण्यातलं, ज्याची सुरुवात १९५० च्या चीफ्स स्पेशलपासून झाली. ॲल्युमिनियमचा सांगाडा, .३८ स्पेशल (मॅग्नमपेक्षा सौम्य काडतूस), पाच गोळ्या, दोन इंचांना किंचित कमी नळी, वजन १५ औंसांच्या आसपास. दोन, रुगरचं एलसीआर, २००९ मध्ये आलेलं. याच्या मुठीकडचा भाग चक्क पॉलिमरचा आहे. .३८ मध्ये वजन साडेतेरा औंस, आणि तरी मला त्याची लाथ ६४२ पेक्षा सुसह्य वाटते, कारण सोबत येणारी रबराची मूठ मऊ आहे. चापही हलका वाटतो. जे-फ्रेमचा चाप नवा असताना बारा पौंडांच्या आसपास ओढावा लागतो. संधिवाताने बोटं धरलेल्या बाईला हा फरक फार मोठा.

एलसीआर .३५७ मध्येही मिळतं, स्टीलच्या सांगाड्याचं, १७ औंसांचं. त्यात मॅग्नम घालायची सक्ती नाही, .३८ स्पेशल आरामात चालतात, आणि ते साडेतीन औंस जास्त वजन लाथ खातं. मी शेवटी हेच घेतलं. खिशात फरक जाणवतो का? जाणवतो. पण खिसा तक्रार करत नाही, मनगट करतं.

दुकानात गेलात की आधी विचारून, सिलिंडर उघडून, पाचही घरं रिकामी असल्याचं डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. मग मूठ पकडा. तर्जनीचं पहिलं पेर चापावर बसतंय का? की टोकानेच कसाबसा ओढताय? दुकानदाराची परवानगी असेल तर सुरक्षित दिशेला धरून दहा वेळा सलग चाप ओढा. सहाव्या-सातव्या वेळी नळी थरथरायला लागली तर ते तुमच्यासाठी नाही, कितीही गोंडस दिसो. घरच्या सरावासाठी माझ्याकडे एक रुपयाचं जुनं नाणं आहे. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, रिव्हॉल्वरमध्ये सरावाची खोटी काडतुसं, आणि नळीच्या पाठीवर ते नाणं ठेवून चाप ओढायचा. नाणं पडता कामा नये. पहिल्या महिन्यात नवरा त्या आवाजाला इतका कंटाळला की शेवटी सोफ्यावर चादर अंथरून दिली.

घोडा बाहेर आलेला नको. मुंबईच्या भाषेत अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात, पण मी म्हणतेय मागचा, काडतुसावर आपटणारा. तो बाहेर असला की खिशाच्या कापडात, ओढणीत, कुर्त्याच्या धाग्यात अडकतो. ६४२ आणि साध्या एलसीआरमध्ये तो आत झाकलेला असतो.

काडतुसांचं तर सगळे उलटं करतात. सर्वांत जोरदार आणायचं, दोन झाडायचे आणि पेटी कपाटात. माझं मत: सरावाला १४८ ग्रेनचं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) वॉडकटर आणा. सपाट तोंडाची ही मूळची नेमबाजीच्या स्पर्धेची गोळी, लाथ अगदी सौम्य, आणि कागदाला पंचिंग मशीनसारखं स्वच्छ भोक पाडते. हात कमजोर असेल तर अनेक जाणकार तीच रोजच्यासाठीही सुचवतात. प्लस पी म्हणजे जादा दाबाचं काडतूस, ते तुमच्या बंदुकीला मान्य आहे हे तिच्यावर किंवा माहितीपत्रकात लिहिलेलं असेल तरच वापरा. जुनं ॲल्युमिनियमचं रिव्हॉल्वर स्वस्तात मिळतंय म्हणून घेणार असाल तर हे नक्की बघा, आणि नळी जिथे सांगाड्यात बसते तिथे बॅटरी मारून चीर शोधा.

.३८ सुद्धा जड जात असेल तर .३२ चा पर्याय हल्ली पुन्हा आलाय. त्याच आकाराच्या जे-फ्रेममध्ये पाचाऐवजी सहा गोळ्या बसतात आणि लाथ कमी. काडतुसं मात्र महाग, आणि प्रत्येक दुकानात नसतात.

बाळगायचं कुठे, यावर मी बरंच शिकले, तेही चुकतमाकत. सुरुवातीला पांढऱ्या कोटाच्या खिशात ठेवायचे, खिशात बसणाऱ्या होल्स्टरमध्ये, म्हणजे बंदुकीच्या म्यानात. चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर हवंच, आणि त्या खिशात दुसरं काहीही नको. पेन नाही, किल्ली नाही, लिमलेटची गोळी नाही. एके दुपारी जेवायला बसताना कोट सवयीने मागच्या खोलीत खुंटीला टांगला. वीस मिनिटांनी आठवलं. मधल्या वेळात तिथून माल देणारा मुलगा खोकी ठेवून गेला होता. काही झालं नाही, पण घास उतरेना. त्या दिवसापासून कमरेला, आतल्या बाजूला, कडक पट्ट्यावर. पर्सही त्याच कारणाने नको. पर्स आपण खुर्चीवर ठेवतो, नातवंडं त्यात चॉकलेट शोधतात. घरी आल्यावर आधी तिजोरी, मग चहा. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी निष्काळजीपणे ठेवणं हा टेक्ससमध्ये गुन्हा आहे.

गणपतीला साडी नेसते तेव्हा ते घरीच राहतं. पोस्टात, शाळेत, आणि ५१ टक्क्यांची लाल पाटी (म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई तिथे प्यायल्या जाणाऱ्या दारूची) लावलेल्या बारमध्येही न्यायचं नाही. देवळाच्या, दुकानाच्या दारावर ३०.०६ ची पाटी, म्हणजे परवाना असला तरी लपवलेली हँडगन आत आणू नका असं सांगणारी, दिसली तर मागे फिरा. गाडीत ठेवणार असाल तर सीटखाली नव्हे, गाडीला केबलने बांधलेल्या छोट्या तिजोरीत.

शेवटचं, फक्त आपल्या लोकांसाठी. जादा काडतुसांची रबरी पट्टी बायका पर्सच्या चोरकप्प्यात ठेवतात आणि विसरतात. तीच पर्स डिसेंबरात भारतात जाते. मुंबईच्या विमानतळावर सामानात एक जिवंत काडतूस जरी निघालं तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि मग लग्न भाच्याचं असो की पुतणीचं, तुम्ही पोलीस ठाण्यात. मी तिकीट काढलं की रेंजची बॅग आणि प्रवासाची बॅग यांची गाठच पडू देत नाही, आणि निघायच्या आदल्या रात्री पर्स पलंगावर उलटी करून प्रत्येक कप्प्यात बोट घालून बघते. गेल्या वेळी दोन लवंगा आणि एचईबी सुपरमार्केटची पावती निघाली.